सहा महिन्यांहून जास्त

वारूळवाडीचा सोपान मेहेर हा नाकासमोर चालणारा माणूस, आणि त्याचा त्याला जरा जास्तच अभिमान. डी.एड. होऊनही मास्तरकी मिळेना, तेव्हा ब्याण्णव साली तो पुण्यातल्या एका विद्यापीठाच्या धोरण अभ्यास विभागासाठी सर्वेक्षणाचे फॉर्म भरायला लागला. सरकारच्या योजना खरंच लोकांपर्यंत पोचतात का, हे तिथली विद्वान मंडळी शोधत. पण विद्वानांना घरोघर हिंडायला कुठला वेळ? जुन्नर-आंबेगावातली दारं ठोठावायचा तो सोपान. कुणी चहा दिला तर घ्यायचा, कुत्रं अंगावर आलं तर थांबायचा, पण एक रकाना रिकामा सोडायचा नाही. बारा वर्षांत त्याचा एकही फॉर्म परत आला नव्हता. हे तो आल्यागेल्याला न विचारता सांगे, आणि बायको तेवढ्यात काहीतरी काम काढून आत निघून जाई.

दोन हजार चार साली म्हाताऱ्यांच्या पेन्शनचा अभ्यास निघाला. कुकडीकाठच्या एका गावातली सगळी घरं सोपाननं पंधरा दिवसांत उरकली. महिन्याभरानं त्या अभ्यासाच्या मुख्य संशोधक आरतीताई जीप घेऊन थेट त्याच्या दारात, हातात फॉर्मांचा गठ्ठा. मतदार यादीत पासष्टच्या पुढच्या बायका एकेचाळीस, सोपानच्या फॉर्मांत तेवीस. अठरा म्हाताऱ्या गेल्या कुठं? आरतीताई हळू बोलणारी बाई. विभागाच्या प्रमुख साहेबांचं म्हणणं त्यांनी तसंच्या तसं सांगितलं. काही फॉर्म घरी बसून भरलेले दिसतात. पडताळा जुळला नाही, तर या गावाचे कागद बाद आणि सोपानला यापुढं काम नाही.

सोपानच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी बसून? त्यानं? रोजगार जाईल ते जाईल, पण बारा वर्षांचं नाव असं मातीत घालायचं? पुढ्यातलं ताट तसंच सारून तो उठला आणि जीपमध्ये जाऊन बसला. आत्ताच्या आत्ता चला म्हणाला.

राहिलेल्या अठरांतलं पहिलं नाव ठकूबाईचं. म्हातारी दारात शेंगा फोडत बसलेली. म्हणजे होती की! तिचा थोरला, संपत, म्हणाला, आई एक महिना आमच्यात, एक महिना धाकट्यात. धाकटा पलीकडच्या आळीत राहायचा, त्यानंही तेच सांगितलं. पुढच्या घरची म्हातारी तीन लेकांत फिरत होती, महिना महिना. चौथ्या घरी आरतीताईंनी फॉर्म उघडला आणि कपाळाला हात लावला. घरातलं माणूस म्हणून धरायचं कुणाला? वर्षातले सहा महिन्यांहून जास्त जो त्या घरात जेवतो त्याला. दोन लेकांत वाटलेली आई दोन्हीकडं बरोबर सहाच महिने भरत होती, तिघांत वाटलेली चारच. सोपाननं नियम तंतोतंत पाळला होता, आणि त्या नियमानं गावातल्या अठरा आया पुसून टाकल्या होत्या. नियम लिहिला होता खुद्द आरतीताईंनी.

त्यांनी तिथंच कबूल केलं, चूक माझी. साहेबांना मी सांगते, फॉर्म आपण नव्यानं करू, अहवालात तुमचं नावही घालू. सोपानची छाती वीतभर फुगली. साहेबांचं तोंड कसं होईल, याचा विचार करत तो जीपमधून खुशाल बाहेर बघत बसला. वाटेत आरतीताईंनी सहज विचारलं, तुम्ही एवढ्या घरांत गेलात, म्हातारी समोर दिसत होती, मग तुम्हाला खटकलं कसं नाही? त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

सोपान खिडकीतून आत वळला.

"ताई, माझी आई बी पाळीनंच ऱ्हाती," तो म्हणाला. "एक महिना माझ्याकडं, एक महिना भावाकडं, गोरखकडं, आळे गावाला. आठ वर्सं झाली. मला त्यात लिवण्यासारखं काय दिसलंच न्हाई."

वारूळवाडीच्या फाट्यावर तो उतरला.

घरी आला तर आई, साळुबाई, ओसरीवर बसलेली. महिना भरायला अजून दोन दिवस होते, पण गाठोडं बांधून दाराशी तयार. ते गाठोडं तो आठ वर्षं बघत आला होता. आज मात्र त्याला स्वतःची लाज वाटली. तिच्यासमोर बसून तो एका दमात म्हणाला, की आता ही पाळीबिळी बंद, तू इथंच राहायचं, गोरखला मी सांगतो.

साळुबाईनं त्याच्याकडं नीट बघितलं.

"तू ठरवलंस, का मला इचारतोयस?"

बारा वर्षं परक्यांच्या उंबऱ्यात उभं राहून प्रश्न विचारणाऱ्या सोपाननं हा एक प्रश्न स्वतःच्या घरात कधी विचारलाच नव्हता. पाळी ठरली तेव्हा दोघे भाऊ बांधावर बसून बोलले होते. आई घरात भाकऱ्या थापत होती. तिला बोलवावं, असं दोघांतल्या एकालाही सुचलं नव्हतं.

"इचारतोय," तो शेवटी म्हणाला.

"मग मला आळ्यालाच ठेव, बाबा. गोरखची बायको माझ्यापाशी बोलत बसती."

आत बायको भांडी घासत होती, तो आवाज थांबला. सोपानला ते झोंबलं, लई झोंबलं. दोन दिवस तरी थांब, इथं काय कमी पडलं ते तरी सांग, असं त्याच्या अगदी ओठावर आलं. पण समोरच्यानं दिलेलं उत्तर खोडायचं नसतं, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. तो उठला, गोरखला फोन लावला, आणि आई काय म्हणाली ते त्याला शब्दाला शब्द सांगितलं.