अकरा मेंढ्यांची जागा

चित्रांचं दुकान धाकट्या दिराचं, त्यामुळे तिथल्या नोकरांचीही ती वहिनीच झाली. नवरा गेल्यावर ती दुकानाच्या मागच्या खोलीत चित्रं रंगवायला बसली, त्याला एकोणीस वर्षं झाली. चित्र एकच. एका जुन्या महाकाव्यातला मेंढपाळ आणि त्याची प्रिया झाडाखाली बसलेली, उतारावर अकरा मेंढ्या. काव्यात तो दुसऱ्या दिवशी लढाईवर जातो आणि परत येत नाही. पण गिऱ्हाइकांना आदला दिवसच हवा असतो. लग्नात भेट द्यायला मेलेला मेंढपाळ कोण नेईल?

वहिनी आठ कागद ओळीने मांडायची. आधी आठही आभाळं, ती वाळेपर्यंत चहा, मग आठ उतार. जलरंगात कोरा कागद हाच पांढरा रंग, म्हणून हिरवा देताना कुंचला प्रत्येक मेंढीला वळसा घालून जायचा. हे ती बोलता बोलता, न बघताही करायची.

यंदा संध्याकाळच्या चित्रशाळेत शिकवायची जागा निघाली. अट एकच, स्वतःचं एक चित्र शुक्रवारी पाचच्या आत आणून द्यायचं. वहिनीला ती जागा अगदी मनापासून हवी होती. घरात तिने चकार शब्द काढला नाही.

शुक्रवारी दुपारी दीर जेवायला गेला, तसा तिने जपून ठेवलेला एकुलता एक जाड कागद काढला. खिडकीतून दिसणारी गल्ली काढायला घेतली. आधी सायकल झाली. मग उन्हातला रस्ता एका दमात, बाहेर बघत बघत. खाली पाहिलं तर उजव्या कोपऱ्यात अकरा कोरे ठिपके. कडा वाळल्या होत्या. आता भरले तर ठिगळं दिसली असती. तिला आधी हसू आलं, मग स्वतःच्या हाताचाच भयंकर राग आला. ठिपक्यांपेक्षा मेंढ्या बऱ्या, म्हणून तिने त्यांना पाय काढले.

एवढ्यात दीर आला. "अरे वा, नवीन? पण वहिनी, ती दोघं कुठायत?"

"यात नाहीत, भावजी."

"मग कोण घेणार हो? चित्रातली ही भिंत कोरीच आहे की. बसवून टाका त्यांना तिथे."

तो प्रेमानेच म्हणाला, हीच तर पंचाईत. हे माझं आहे, एवढंच सांगायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आले.

"बसवते," ती म्हणाली.

पेन्सिलसुद्धा लागली नाही. पाऊण तासात दोघं भिंतीला टेकून बसली, कुठे काही चुकलं नाही. ते बघून तिला रडू आवरेना.

सव्वाचार झाले होते. चित्रशाळा चालत दहा मिनिटांवर. पण त्या कागदावर तिची म्हणावी अशी एक सायकल तेवढी उरली होती.