अंकलचे चार ट्रॅक्टर

दीड एकर जमिनीवर चार ट्रॅक्टर बाळगणारा माणूस अख्ख्या वसई तालुक्यात एकच होता, आणि तो माझ्या मित्राचा बाप होता. आम्ही त्यांना अंकल म्हणायचो. सांडोरला त्यांची केळीची वाडी आणि मागे भाताचा एक तुकडा. तिथे ट्रॅक्टर वळवायचा म्हटला तरी त्याचं तोंड शेजाऱ्याच्या कुंपणात जायचं. कोणी चेष्टा केली की अंकल गंभीरपणे हिशोब समजावत: एक नांगरायला, दुसरा पहिला रुतला तर ओढायला, तिसरा दुसऱ्याचा भरवसा नाही म्हणून. चौथ्याचं कारण विचारलं की त्यांना एकदम चहा आठवायचा. आंटी कपडेही ट्रॅक्टरांवरच वाळत घालायच्या, कारण अंगणात दोरी बांधायला जागा उरली नव्हती.

खरं कारण मला उशिरा कळलं. नव्वदनंतर आळीतल्या वाड्या एकेक करून विकल्या गेल्या आणि तिथे इमारती आल्या. मी राहतो ती त्यांतलीच एक. वाडी विकून निघालेला शेजारी ट्रॅक्टर भंगारात काढू लागला की अंकल तो घरी आणत. त्यांचा स्वतःचा एकच. बाकीचे तिन्ही असे आलेले. त्यांना ते मालकांच्या नावानेच हाक मारत. "इनासला आज तेल पाजलं," असं ते सांगत, तेव्हा खरा इनास मीरा रोडला तिसऱ्या मजल्यावर टीव्ही बघत बसलेला असे. "कधी परत आले तर त्यांच्या हातात काय देनार?" हा त्यांचा सवाल. जमीनच गेल्यावर ते परत येतील कशाला, हे त्यांना सांगायला कोणाची जीभ रेटत नसे.

आगेऱ्याला, म्हणजे नव्या भाताच्या सणाला, पूर्वी आळीतला प्रत्येक ट्रॅक्टर फुलांनी सजून, भाताची पेंढी घेऊन चर्चला जायचा. एका वर्षी अंकलनी तिघा जुन्या मालकांना आधीपासून फोन केले. तिघंही येतो म्हणाले. त्या रविवारी अंकल सूट घालून सकाळपासून फाटकापाशी उभे होते. चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेची घंटा झाली तरी कोणी आलं नाही. मग त्यांनी आपल्याच भाताच्या पेंढ्या तिन्ही ट्रॅक्टरांवर बांधल्या. पहिला चर्चला नेऊन ठेवला, चालत परत आले, दुसरा नेला, पुन्हा चालत आले. मित्र म्हणाला, "पप्पा, एक मी चालवतो." अंकल म्हणाले, "तुझा हाय काय तो?" रस्त्यावरची माणसं हसत होती. मला हसू येईना.

तिसरा पोचला तेव्हा फादर बाहेर येऊन पेंढ्यांवर पवित्र पाणी शिंपडत होते. अंकल घामाने निथळत पायरीवर बसले.

"आपला राहिला," मित्र म्हणाला. "घेऊन येऊ?"

"आपला ऱ्हाऊ दे," अंकल म्हणाले. "आपन इथंच हाय ना."

पुढचा आगेरा यायच्या आत अंकल गेले. त्यांच्या मातीला मात्र ते तिघंही आले, अगदी वेळेवर. मला त्यांचा राग आला, फार आला. आणि राहून राहून वाटत राहिलं, तिघांना असं अंगणात एकत्र बघून अंकलना किती आनंद झाला असता.