वहिनींची पाळी

दर रविवारी वहिनींच्या शिवणाच्या दुकानात शब्दकोड्याची मंडळी जमत. सगळ्यांनी मिळून सोडवायचं आणि पाळीपाळीनं एकाच्याच नावावर वर्तमानपत्राच्या स्पर्धेला पाठवायचं, हा तिथला शिरस्ता. वहिनींची पाळी होती त्या आठवड्यात मंडळीतल्याच चष्मेवाल्यानं तीच उत्तरं गुपचूप त्यांच्या आधी स्वतःच्या नावावर धाडली आणि वर्तमानपत्रात विजेता म्हणून त्याचा फोटो झळकला.

तो फोटो वहिनींना सलत होता. पुढच्या रविवारी पाळी पुन्हा त्यांनाच मिळाली आणि त्यांनी बाकीच्या मंडळींना आधीच पढवलं. चष्मेवाल्यासमोर सगळ्यांनी एकमतानं तीन शब्द चुकीचे भरले. तो उतरवून घेऊन लगबगीनं गेला, तसे ते खोडून बरोबर भरले.

या वेळी फोटो वहिनींचा आला.

"वहिनी, तुम्ही मला फसवलंत."

"छे हो भाऊजी," सुईत दोरा ओवत वहिनी म्हणाल्या, "तुम्ही उठून गेलात की आम्हाला बरं सुचतं. आता दर रविवारी सुचू द्या."