डोके मॅडम आणि ओठावरचा फोड

डोके मॅडम बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघत नसत. त्या बघत नाकाकडे आणि वरच्या ओठाकडे. नवख्या माणसाला वाटे, आपल्या तोंडाला काहीतरी लागलंय. बिचारा रुमाल काढून ओठ पुसत राही. मॅडम शोधत असत पुटकुळी. ती दिसली, की भर व्हरांड्यात ओरडत, ‘‘हात लावशील तर याद राख! पिकू दे, आपोआप फुटू दे, तू फोडायची नाही!’’ ऐन विशीतल्या पोरांना चारचौघांत असं ऐकून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्यांचं आडनाव डोके नव्हतंच. सत्तरच्या दशकात नागपूरला मी डॉक्टरकी शिकत होते, तेव्हा त्या आम्हाला शरीररचना शिकवायच्या. हात, पाय, पोट बाकीचे प्राध्यापक वाटून घेत; डोकं मात्र मॅडम कुणाच्या हाती लागू देत नसत. म्हणून डोके मॅडम. शहराच्या महाल भागात एकट्या राहत, सायकलवरून येत, आणि सायकलच्या हँडलला भाजीच्या पिशवीत चक्क एक कवटी लोंबत असे.

त्या कवटीचं वरचं झाकण कापलेलं होतं. ती आमच्या हातात देऊन मॅडम आधी तिला नमस्कार करायला लावत, मग डोळे मिटायला. ‘‘आता बोट आत घाल. तीन पायऱ्या लागतील. पुढची उंच, मधली खोल, मागची सगळ्यांत खाली. लागली? त्या मागच्या पायरीवर हाडात एक नाली आहे बघ. मेंदूतलं वापरलेलं रक्त या वाटेनं वळत वळत जातं आणि खालच्या भोकातून मानेत उतरतं. एवढी मऊ शीर, पण हाडावर वाट पाडून गेली!’’ हे सांगताना त्यांचा आवाज हळवा होई. मागच्या बाकावरची पोरं फिदीफिदी हसत. मॅडमना त्याचं काही नसे.

त्यांचा जीव की प्राण असलेला धडा वेगळाच होता. कवटीच्या मधोमध खोगिरासारखी एक छोटी बैठक असते. तिच्या दोन्ही अंगांना अशुद्ध रक्ताचं एकेक डबकं. डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी नस त्याच डबक्यातून जाते. आणि नाकाओठांवरच्या शिरा डोळ्याच्या खोबणीतून येऊन तिथेच मिळतात. ‘‘पायाच्या शिरांना झडपा असतात, रक्त मागे फिरत नाही. इथे अडवणारं कुणी नाही. ओठावरचा पू सरळ मेंदूच्या दारात!’’ मग त्या हात झटकत आणि दरवर्षी त्याच दोन शब्दांवर धडा संपवत, ‘‘पेशंट दगावतो.’’

हा धडा ऐकला त्याच आठवड्यात मी उमरेडला घरी गेले. रविवारी माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला, बघायला पाहुणे येणार होते. दारातच ताई दिसली; वरच्या ओठावर हळदीचा लेप आणि ओठ हा एवढा सुजलेला. पाहुण्यांसमोर फोड दिसायला नको म्हणून आईनं सुई दिव्यावर धरून तो फोडला होता आणि चांगला दाबून पिळला होता. मी किंचाळलेच.

‘‘काय झालं वं एवढं ओरडाले?’’ आई म्हणाली. ‘‘एवढुसा तं फोड होता. उद्या पाहुणे येऊन राहिले न!’’

पाहुणे आले, पोहे खाऊन गेले. संध्याकाळी ताईला हुडहुडी भरून ताप चढला. सकाळी तिचा उजवा डोळा सुजून पुढे आला होता. मी म्हटलं, ‘‘ताई, मान न हलवता उजवीकडे बघ.’’ डावा डोळा वळला. उजवा मधेच अडकला. डबक्यातली तीच नस! आईला एवढंच म्हटलं, ‘‘चल,’’ आणि मिळाली त्या एसटीनं तिघी नागपूरला आलो.

पहिल्या वर्षाच्या पोरीची ओळख कुणाशी असणार? मी ताईला थेट मॅडमकडे नेलं. त्या मुडद्यांच्या हॉलमधून हात धुऊन आल्या. ताईला स्टुलावर बसवून तिच्या डोळ्यांसमोर बोट धरलं, ‘‘इकडे बघ.’’ डोळा अडकला तशा त्या पांढऱ्याफटक पडल्या. ‘‘अगं, जिवंत माणूस तपासून मला जमाना झाला,’’ माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या. पण ताईच्या कमरेत हात घालून त्याच तिला वॉर्डात घेऊन गेल्या. तिथला डॉक्टर त्यांचाच विद्यार्थी. ‘‘मॅडम, तुम्ही बसा, मी बघतो,’’ तो म्हणाला. पेनिसिलिनची सुई टोचली जाईपर्यंत त्या बसल्या नाहीत.

बाहेर आई कपाळ बडवत होती, ‘‘माह्याच हातानं मारली वं मी पोरीले!’’ मला धडकी भरली. साध्या पुटकुळीवरून आकाशपाताळ एक करणारी बाई, आता आईचं काय करेल? मॅडम फरशीवर आईशेजारी मांडी घालून बसल्या. ‘‘तुम्ही लेकीला नटवत होता,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आईनं दुसरं काय करायचं असतं?’’

‘‘वाचेल ना हो?’’ मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, ‘‘मी शिकवते ते पुस्तकातलं. पुढचं मला माहीत नाही गं.’’

दुसऱ्या दिवशी डावा डोळाही सुजला. आम्ही आशा सोडली. मॅडमनी नाही. वर्गाआधी यायच्या, वर्गानंतर यायच्या, बोट धरायच्या, ‘‘इकडे बघ.’’ ताईला कधी शुद्ध असे, कधी नसे. मग हळूहळू ताप उतरला, सूज ओसरली. आणि एका सकाळी तो अडकलेला उजवा डोळा जरासा, अगदी जरासा, बाहेर सरकला. मॅडमचं बोट तसंच हवेत राहिलं आणि त्या पदर तोंडाला लावून रडू लागल्या. ताईनं हे सगळं शांतपणे पाहिलं.

‘‘मॅडम,’’ ती म्हणाली, ‘‘रोज येता न् नुसतं बोट दाखवता. जेवली का म्हणून तं इचारा कधी!’’

दुसऱ्या दिवशी मॅडम डब्यात डाळीचे गोळे घातलेला गोळाभात घेऊन आल्या. आम्ही चौघींनी तो वॉर्डातच संपवला. इतकं चविष्ट मी पुढं काही खाल्लं असेल असं वाटत नाही.

ताईचा डोळा थोडा तिरळा राहिला. पाहुण्यांनी नकार कळवला. ‘‘बरं झालं, पोह्यायले नावं ठेवत होते,’’ ताई म्हणाली. पुढे तिला चांगला नवरा मिळाला, पोरंबाळं झाली. आई गल्लीत कुणी पोरगी आरशात बघून फोड चाचपताना दिसली, की हातावर फटका मारायची. त्यानंतर वर्गात मॅडम ‘‘पेशंट दगावतो’’ म्हणून थांबत आणि पुढे म्हणत, ‘‘एक वाचली. उमरेडला असते.’’

मॅडम गेल्या तेव्हा मी ताईला घेऊन महालातल्या त्यांच्या घरी गेले. अंगणभर डॉक्टर उभे होते, सगळे त्यांचे विद्यार्थी. त्यांचा भाचा प्रत्येकाची ओळख विचारत होता. साध्या लुगड्यातल्या ताईला पाहून तो अडखळला. ‘‘आपण? मावशीच्या विद्यार्थिनी का?’’

‘‘नाही बाप्पा,’’ ताई डोळे पुसत म्हणाली, ‘‘मी पेशंट. मॅडमले एकच होती.’’