नवी कोरी निळी केबल

"कॉम्प्युटरमध्ये ड्रायव्हर पुन्हा टाक," नाशिकहून साहेब फोनवर म्हणाले. दोनदा टाकून झाला, हे मी त्यांना तिसऱ्यांदा सांगितलं.

मी तळोद्याच्या एका खासगी दवाखान्यात उभी होते. एक्स-रे मशीनची सर्व्हिस हे माझं काम. एक्स-रे काढला की रीडर नावाचा डबा तो वाचतो आणि शेजारच्या कॉम्प्युटरला पाठवतो. सकाळपासून डबा इमानेइतबारे वाचत होता. कॉम्प्युटरला काहीच पोचत नव्हतं.

बाहेर बाकावर मोलगीकडची एक म्हातारी आडवी होती. बाजाराच्या जीपमधून उतरताना पडली होती. हाड मोडलंय की नुसता मुका मार, कळायला मार्ग नव्हता.

"अर्धा तास थांबतो," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर त्याच जीपनं नंदुरबारला पाठवतो."

म्हातारीच्या सुनेनं माझ्याकडे पाहिलं. "जीप लई आदळते, मॅडम. इथवर येतानाच किती ओरडल्या त्या."

साहेबांकडे उपाय तयार होता. "नव्या रीडरचं कोटेशन देऊन टाक." म्हातारीचा पाय कोटेशननं बांधता आला असता, तर लगेच दिलं असतं.

मी मशीनमागे वाकले. रीडरपासून थेट कॉम्प्युटरला गेलेली निळी, चकचकीत केबल.

"ही कधी लावली?"

"काल," कंपाउंडरभाऊ अभिमानानं म्हणाले. "जुनी काळी पडी जायेल व्हती. हाई एकदम नवी शे, मॅडम!"

"आणि जुनी?"

"फेकी दिनी."

नेटवर्क केबलमध्ये बोलायच्या तारा वेगळ्या, ऐकायच्या वेगळ्या. मध्ये स्विच, म्हणजे केबली एकत्र जोडणारा डबा, असला तर अदलाबदल तो करतो. दोन यंत्रं थेट जोडायची, तर केबलच्या आतच तारा उलटाव्या लागतात, म्हणजे याचं बोलणं त्याच्या कानात पडतं. तिला क्रॉसओव्हर म्हणतात; फेकलेली जुनी तीच होती. हल्लीच्या मशीनना हे आपोआप जमतं. इथला रीडर आणि कॉम्प्युटर, दोघंही त्याआधीचे. नव्या सरळ केबलवर दोघं नुसते बोलत होते, ऐकत कोणीच नव्हतं. आमच्या सोमवारच्या मीटिंगसारखं.

केबलचं एक टोक कापलं. हिरव्या आणि केशरी जोडीच्या जागा बदलल्या, नवा कनेक्टर दाबला. दिवा लागला. पडद्यावर फोटो आला.

खुब्याच्या हाडाला भेग होती. डॉक्टरांनी जीप परत पाठवली, पाय फळीला बांधला आणि म्हातारीला अॅम्ब्युलन्समधून आडवं झोपवून नंदुरबारला नेलं. हाड जागेवरून सरकलं नाही. पुढे ती काठी घेऊन चालू लागली.

रिपोर्टात मी कारण लिहिलं: 'चुकीची केबल.' साहेबांनी ते खोडून 'सिस्टिम ऑप्टिमायझेशन' केलं.

काल एखादी वस्तू बदलली आणि आज बिघाड झाला, तर आधी तीच वस्तू पाहावी. हे कळायला इंजिनिअर लागत नाही. बोलवावा मात्र लागतो.