बोललं की आंबा नाही

चहा आधी संपवा, नाहीतर ठसका लागेल. मूर्खपणा काय, सगळेच करतात. मी केलेला मात्र भर दुपारी, तोंडात आंबा असताना आणि अगदी तपशीलवार केलेला आहे!

इंजिनिअरिंग मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. का, ते विचारू नका; पप्पा रोज विचारतात, तेवढं बास. शेवटी ते म्हणाले, "कॉलेजला परत जा, नाहीतर घरात दिसू नकोस." मी बॅग उचलली आणि जामखेडच्या पुढे मामाच्या गावी आलो. लहानपणीच्या सगळ्या मे महिन्यांचं गाव! पप्पा जगात फक्त भानुदासमामाचं ऐकतात, कारण मामा गावच्या तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष.

मामा म्हणाला, "सांजच्याला फोन करतो तुज्या बापाला. वरीसभर ऱ्हा हितंच. पन एक ध्येनात ठेव, मानसानं सरळ वागावं." मग सरळ वागण्यावर अर्धा तास भाषण. मोठ्या माणसांना हे शिकवतात तरी कुठे?

जेवून मामा घोरायला लागला, तसा मी आमराईकडे निघालो. कॉलेजात या आमराईच्या मी काय फुशारक्या मारल्या होत्या! तर पाहतो काय, एक झाड. एकच! बांधावर, तेही वाकडं. मी चारी बाजूंनी फिरून पाहिलं. बाकीची गेली कुठे? बहुतेक लहानपणीही मी असंच चारी बाजूंनी फिरून चार मोजली असणार.

पण पाड लागला होता, आंबे झाडावरच पिकायला लागले होते, आणि त्यांना शेपूच्या भाजीसारखा लहानपणीचा तोच वास! मी चढलो, चार काढले, खाली बसून चोखायला लागलो. तेवढ्यात एक म्हातारा काठी टेकत आला आणि माझ्याकडे बघतच राहिला. मला दया आली.

"घ्या बाबा, लाजू नका. आमच्या मामाचंच झाड आहे."

"आसं व्हय? कोन मामा?"

"भानुदासराव. तंटामुक्तीवाले."

"आरं वा!" म्हातारा शेजारी टेकला, आंबा घेतला. "लई वर्सं खाताय वाटतं?"

वर्षभरात कुणी माझं बोलणं इतकं मन लावून ऐकलं नव्हतं. मी सुटलोच!

"लहानपणापासून! पण आमच्याकडे आंबा असातसा खात नाहीत. मामाने रीत घालून दिलीय. भर दुपारीच यायचं. चपला हातात घ्यायच्या."

"झाडाला देव मानता जनू."

"हो ना! बोलायचं अजिबात नाही. बोललं की आंबा नाही. पांढरा शर्ट घालायचा नाही. रस्त्याकडच्या फांदीला हात लावायचा नाही, ती पाखरांची."

"आन कोयी?"

"पुरायच्या. नवीन झाड येतं. शेवटी हौदावर तोंड धुवायचं, मगच घरी."

बोलता बोलता माझेच शब्द मला विचित्र ऐकू यायला लागले. पांढरा शर्ट का नाही? दरवर्षी एवढ्या कोयी पुरल्या, मग झाड एकच कसं?

"बाबा," मी आंबा तोंडातून काढला, "तुमचं शेत कुठलं?"

म्हाताऱ्याने काठी बुंध्यावर टकटक वाजवली. "ह्येच. झाड बी माज्या बापानं लावल्यालं." आणि त्याने हातातली कोय शांतपणे मातीत पुरली.

पुढच्या दहा मिनिटांत आम्ही मामाच्या ओट्यावर. मामा बनियनवर बाहेर आला. आधी म्हाताऱ्याला, म्हणजे दगडूबाबाला पाहिलं, मग माझ्या शर्टावरचा रस.

"भानुदास, पंधरा वर्सं मी वटवाघळांला शिव्या घातल्या रं!"

मामाने सरळ माझ्याकडे बोट केलं. "पोरांचा हट्ट हुता, बाबा."

हट्ट! मी सहा वर्षांचा, आणि बेत माझा? पण माझं डोकं अजून आमराईतच अडकलं होतं. मी विचारलं, "मग आपलं झाड कुठलं?"

मामी आतून म्हणाली, "आपलं? दारातला कडुलिंब!"

तंटा होता तंटामुक्तीच्याच दारात, म्हणून निवाडा दगडूबाबाने केला. "पाड सरस्तोवर ह्ये पोरगं राखनीला. चोरीचे समदे नियम ह्येला पाठ हाईत, आसा राखन्या कुटं घावनार? पन पोरा, येक जरी आंबा गेला, तर तुज्या बापाला फोन मी करनार."

मामाने संध्याकाळी फोन केला. "पोरगं कामाला लागलं." पप्पा म्हणे गहिवरले.

तिसऱ्या दिवशी, भर दुपारी. अंगात मळका शर्ट, हातात चपला. कोण असेल? मामा! ओठांवर बोट ठेवून!

माझं डोकंच फिरलं. दोन दिवस मी याचाच जाब विचारायचा म्हणून वाक्यं जुळवत होतो. खोटारडा म्हणणार होतो, तोंडावर. पण मामा एक आंबा पुढे करून उभा. आणि बोललं की आंबा नाही.

मी आंबा घेतला. दोन कोयी पुरल्या. मामा गेला.

थोड्या वेळाने दगडूबाबा आला. "कोन आल्तं का रं?"

"नाही बाबा. पाखरूसुद्धा नाही," मी पायाने माती सारखी करत म्हणालो.

म्हाताऱ्याने माझ्याकडे नीट पाहिलं, खिशातून मोबाईल काढला आणि काठीने वाट दाखवली.

"हौद तकडं हाय. आदी हनवटी धुवून ये, मंग तुज्या बापाचा नंबर सांग."