साडूने दिलेला कण

टर्नर सहसा कोणाशी भांडत नसे. भांडणाचा सगळा साठा त्याने एकाच माणसासाठी राखून ठेवला होता, आणि तो माणूस म्हणजे त्याचा साडू.

कारखान्यात लेथपुढे उभं राहून आयुष्य गेल्यामुळे त्याला सगळे टर्नरच म्हणत. साडू त्याच कारखान्यात, शेजारच्या ग्राइंडरवर होता. एका सकाळी साडूने यंत्राची जाळी न लावताच पातं घासायला घेतलं, ठिणग्या उडाल्या आणि लोखंडाचा एक कण टर्नरच्या उजव्या डोळ्यात गेला. कारखान्याच्या डॉक्टरांनी डोळ्यात थेंब घातले, काहीतरी खटपट केली, पट्टी बांधली. पुढे पट्टी सुटली. कण मात्र आतच राहिला, असं टर्नरचं म्हणणं.

त्या दिवसापासून त्याने साडूवर डूख धरला. डोळ्याला पाणी आलं, साडू. चष्म्याचा नंबर वाढला, साडू. सिनेमात रडू आलं तरी साडूच. घरच्या समारंभात तो मुद्दाम उजवी बाजू साडूकडे करून बसे. "ज्या डोळ्याचं वाटोळं केलंस, त्यालाच दिस!" असं म्हणे, आणि मग त्याच डोळ्याने साडूच्या ताटात काय काय पडतंय ते अचूक टिपे.

नुसतं बोलून भागणारा सूड नव्हता तो. साडूने घर बांधलं तेव्हा टर्नरने स्वतःच्या हाताने वळवलेल्या पायांचं जेवणाचं टेबल भेट दिलं. पाय असे देखणे की बघणाऱ्याने हात फिरवावा. चारातला एक पाय मात्र केसभर आखूड. टर्नरचा हात चुकत नसे, त्यामुळे ही चूक करायला त्याला फार मेहनत पडली होती. तेव्हापासून साडूच्या घरी टेबल डुलायचं, वाटीतली आमटी काठावर यायची, आणि पाहुणा म्हणून बसलेला टर्नर तृप्त व्हायचा.

अशा माणसाला प्रोस्टेटने गाठलं. रात्री उठणं वाढलं होतं, रक्ताच्या तपासणीत आकडा चढा निघाला. डॉक्टर म्हणाले, "आधी एमआरआय करू. ग्रंथीत संशयाची जागा असेल तर चित्रात दिसेल, मग तुकडा नेमका तिथूनच घेता येईल. चित्राशिवाय सुई घालायची म्हणजे अंदाजाचं काम. कॅन्सर असला तरी सुईला चुकवून बसू शकतो."

शिवाय तपासणीआधीच्या इंजेक्शनने थोडा वेळ अंधुक दिसतं, तेव्हा गाडी चालवायला कोणीतरी सोबत हवं. बायकोने परस्पर धाकट्या बहिणीला फोन केला.

"अहो, भाऊजी येतायत गाडी घेऊन."

"मी रांगत जाईन."

"रांगत जा, पण त्यांच्या गाडीपर्यंत."

रस्ताभर टर्नर खिडकीबाहेर बघत होता. साडू एकदा म्हणाला, "एसी कमी करू का?" टर्नर बायकोला म्हणाला, "त्याला सांग, डोळ्यात वारा जातोय. उजव्या."

एमआरआयच्या खोलीबाहेर निळ्या कपड्यातल्या तंत्रज्ञ बाई प्रश्न विचारू लागल्या. पेसमेकर आहे? हाडात प्लेट, स्क्रू? मग त्यांनी विचारलं, "कधी लोखंडाचं काम केलंय? डोळ्यात कण वगैरे गेला होता?"

टर्नरचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत जगात कोणीतरी हा प्रश्न आपण होऊन विचारला होता! पलीकडच्या खुर्चीवर बसलेल्या साडूला नीट ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "गेला होता! दुसऱ्याच्या हलगर्जीपणाने! आणि अजून आत आहे!"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग एमआरआय लगेच करता येणार नाही, काका. आत फार मोठं चुंबक असतं. कण हलला तर डोळा जाईल. आधी डोळ्याचा एक्स-रे काढू. कण दिसला तर हे रद्द."

बायकोचा चेहरा पडला. ती साडूकडे पाहू लागली. साडू तोंड उघडणार होता, पण टर्नरने उजवा डोळा त्याच्याकडे वळवला तसं त्याने ते मिटलं.

एक्स-रेच्या थंड पाटीला कपाळ टेकवून टर्नर उभा राहिला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण मनातल्या मनात विनवतोय. कण दिसू दे. ठळक दिसू दे. फोटो मोठा करून घेईन, फ्रेम करीन, साडूच्या त्या डुलणाऱ्या टेबलासमोर टांगीन. मग दुसरं मन म्हणालं, अरे शहाण्या, कण दिसला तर ह्यांना अंधारात सुई मारावी लागेल, आणि फ्रेम टांगायला तू असशील का? पहिलं मन म्हणालं, असेन नसेन, फ्रेम तर असेल!

थोड्या वेळाने बाई आल्या. "काही नाही, काका. दोन्ही डोळे स्वच्छ आहेत. चला."

बायकोने डोळ्यांना पदर लावला. टर्नर म्हणाला, "परत बघा. बारीक आहे तो."

"दोघा डॉक्टरांनी बघितलं."

"यंत्र जुनं असेल."

"नवं आहे. चला, कपडे बदला."

मग त्याला त्या बोगद्यात सरकवलं. पोटावर पट्ट्याने बांधलेलं कवच, कानावर हेडफोन, हातात भ्यायल्यावर दाबायचा रबरी फुगा. आणि हलायचं नाही. यंत्र सुरू झालं आणि थेट कारखाना उभा राहिला. ठक ठक, घर्रर्र, मध्येच पंचिंगच्या प्रेससारखं धाड धाड. एवढा ओळखीचा गोंगाट आहे तर निवांत साडूला शिव्या मोजाव्यात म्हणून त्याने सुरुवात केली, पण राग काही बसेना. लेथच्या चकच्या पकडीत नीट न आवळलेला लोखंडी जॉब जसा फिरता फिरता निसटतो, तसा तो निसटत राहिला. आवळायला आत काहीच नव्हतं. एवढी वर्षं मी काय सांभाळलं?

बाहेर येईपर्यंत त्याने नवा राग तयार केला होता. बायको कपडे आणायला गेली आणि दोघेच उरले, तेव्हा तो कित्येक वर्षांनी थेट साडूशी बोलला.

"तुला ठाऊक होतं."

"होतं," साडू म्हणाला. "डॉक्टरांनी तेव्हाच काढला होता. मी तुमचं डोकं धरलं होतं. ते कण दाखवत होते, तर तुम्ही दुसराही डोळा मिटून घेतलात आणि माझ्या सात पिढ्या काढल्यात."

"मग सांगायचं नाहीस?"

"तीन दिवाणखान्यांत, एका लग्नात आणि एका स्मशानात सांगायला आलो होतो. प्रत्येक वेळी तुम्ही उठून गेलात. आणि जाळी मी लावली नव्हती, हे तर खरंच होतं ना. टेबलाचा पायही मला पहिल्याच दिवशी कळला."

"मग खाली पुठ्ठा का नाही घातलास?"

"म्हटलं, डुलू दे. तेवढंच तुम्हाला बरं वाटतंय."

टर्नरला आयुष्यात एवढा अपमान कोणी केल्याचं आठवेना. ज्या सुडावर तो इतकी वर्षं जगला, तो सूड समोरच्याने त्याला लाडाने घेऊ दिला होता! याचं उट्टं काढायलाच हवं होतं.

चित्रात ग्रंथीच्या एका कडेला छोटा संशयाचा ठिपका दिसला. त्यावर नेम धरून तुकडे घेतले, आणि कॅन्सर निघाला. पण लहान, हळू वाढणारा, वेळेत सापडलेला. डॉक्टर म्हणाले, "आत्ताच कापाकापी नको. तपासण्या करत राहू, पुन्हा चित्र काढू. त्याच्यावर नुसती पाळत ठेवायची. जमेल ना?"

बायकोला रडता रडता हसू फुटलं. "डॉक्टर, पाळत ठेवण्यात यांचा हात कोणी धरणार नाही."

टर्नर मात्र दाराशी उभ्या असलेल्या साडूकडे बघत होता. इंजेक्शनचं नाव काढलं तरी साडूचे पाय लटपटतात, हे सगळ्या खानदानाला माहीत होतं.

"डॉक्टर," टर्नर गोड आवाजात म्हणाला, "हा माझा साडू. माझ्याहून थोडाच लहान. रात्री किती वेळा उठतो, विचारा बरं त्याला."

"मी? छे, मी मुळीच..."

"मेहुणीच सांगते, चार चारदा उठतो! घ्या त्याचं रक्त. आत्ताच्या आत्ता घ्या. मी पकडतो."

डॉक्टरांनी नर्सला बोलावलं, साडूला खुर्चीत बसवलं. सुई बघताच तो पांढराफटक पडला, मान सुईकडे वळवू लागला. टर्नरने दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं आणि दुसरीकडे फिरवलं. तेव्हा त्या सोशिक, कधी चढ्या आवाजात न बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून शिव्यांचा असा पट्टा सुटला की सुई धरलेली नर्स थांबली. टर्नरच्या आईपासून आजोबांपर्यंत कोणी सुटलं नाही. आखूड पायाचं टेबलसुद्धा त्यात येऊन गेलं.

टर्नर मन लावून ऐकत होता. उजव्या डोळ्यातून पाणी येत होतं, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

"आणखी दे," तो म्हणाला, "पण हलू नकोस."